स्पष्टीकरण हवे

मेल पाठवला की आपलं काम संपलं, असं मानणाऱ्या माणसांची कुंदाताईंना मनापासून कीव यायची. त्यांच्या लेखी मेल म्हणजे नुसतं आवतण. कासारवाडीच्या जुन्या घरांत कार्य निघालं की आधी घरोघर आवतण द्यायचं, आणि पंगत बसायच्या वेळी पुन्हा माणूस पाठवून बोलावणं करायचं. नुसत्या आवतणावर जेवायला जाणारा हावरट ठरायचा आणि बोलावणं न पाठवणारा यजमान शिष्ट ठरायचा. हाच नियम ताईंनी इंटरनेटला लावला होता. मेल टाकला की लगेच फोन, "मेल टाकलाय, बघा." समोरचा "बघतो" म्हणाला तरी त्या फोन ठेवत नसत. आत्ताच बघा, मी थांबते, असं म्हणून खरोखर थांबायच्या.

माझं टेबल त्यांच्या टेबलाला चिकटून होतं. मला पाठवलेल्या मेलचंही बोलावणं व्हायचं. आधी माझ्या कॉम्प्युटरवर मेल यायचा, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि मग डोक्यावर सावली. "पोचला का?" मी हो म्हणायचो. तरी त्या स्क्रीनकडे वाकून स्वतः पाहायच्या आणि मगच परत जायच्या. पहिले काही महिने मला याचा फार राग यायचा. नंतर सवय झाली, आणि त्यानंतर असं झालं की सावली पडली नाही तर मेल वाचायचंच राहून जायचं.

आमची कंपनी चाकणला. गाडीच्या खालच्या अंगाला लोखंडाला लोखंड घासू नये म्हणून जे रबरी बुश बसवतात, ते आम्ही बनवायचो. मी क्वालिटीला इंजिनिअर होतो. ताई डिस्पॅचला होत्या, म्हणजे कागदोपत्री. प्रत्यक्षात टेम्पोवाल्यांची भांडणं, कॅन्टीनचं दूध, मालकांच्या विसरलेल्या गोळ्या आणि बाहेरच्या जगाशी होणारा सगळा पत्रव्यवहार त्यांच्याकडे होता. उंच, काटक बाई. साडीवर कंपनीचे सेफ्टी शूज. चष्म्याला दोरी होती ती रिजेक्ट मालातल्या रबरी रिंगा कापून स्वतः जोडलेली. त्याबद्दल कुणी काही बोललं तर म्हणायच्या, गाडीला चालत न्हाई, मला चालतं.

त्यांचं शिक्षण दहावी. मालक जगदाळे साहेबांनी आपलं पहिलं प्रेस मशीन बसवलं ते कासारवाडीत स्टेशनजवळ, ताईंच्या सासऱ्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये. नवीन सून चहा द्यायला यायची, ती हळूहळू चलनं लिहायला लागली. साहेब त्यांना घरमालकांची सून म्हणून वहिनी म्हणायचे. पुढे कंपनी चाकणला हलली, साहेबांच्या हाताखाली माणसं वाढली, तरी वहिनी हे संबोधन टिकलं. ताई सांगायच्या, "मशीनं नेली तशी मलाबी नेली." साहेब आता हयात नाहीत आणि कंपनीही दुसऱ्या लोकांकडे गेली. म्हणून हे लिहायला हरकत नाही असं मला वाटतं.

तर मेल. ज्या पत्त्यांना उत्तर देता येत नाही, असे मेल आले की ताईंना अपमान झाल्यासारखं वाटायचं. वीज कंपनीचा असो, बँकेचा असो, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं की कृपया या मेलला उत्तर देऊ नये. ताई उत्तर द्यायच्याच. ते परत यायचं. मग त्या मला बोलावून दाखवायच्या. "ह्यो आपल्याशी बोलनार, पन आपलं आयकनार न्हाई. आसा मानूस दारात आला तर आपन पानी तरी इचारू का त्याला?" मी म्हणायचो, ताई, तो माणूस नाही, मशीन आहे. मशीन काय, त्या म्हणायच्या, आपल्याकडं पन मशीनं हायत, ती कुठं आसं वागतात.

ज्या मोठ्या कंपनीला आमचा जवळजवळ सगळा माल जायचा, तिनं एके वर्षी फतवा काढला. यापुढे साधे मेल बंद, फोन बंद. सगळा व्यवहार कंपनीच्या स्वतःच्या पोर्टलवर होईल. पोर्टलमध्ये एक मेलबॉक्स होता. त्यातला मेल बाहेर पाठवता येत नसे. प्रिंट काढली तर कोरा कागद यायचा आणि त्यावर तिरकं 'गोपनीय' लिहिलेलं असायचं. एखादी ऑर्डर पूर्ण होऊन बंद झाली की तिच्याबद्दलचा सगळा संवाद पोर्टल आपोआप पुसून टाकायचं. त्यांच्या दृष्टीनं ही स्वच्छता होती. पासवर्ड दर महिन्याला बदलावा लागे. ताई सासऱ्यांच्या बैलांची नावं लावायच्या. बैल संपल्यावर म्हशींवर आल्या.

या पोर्टलची सगळ्यात मोठी कटकट म्हणजे ओटीपी. नोंदणी करताना साहेबांचा मोबाइल नंबर दिला गेला होता, त्यामुळे दर वेळी आत शिरायला त्यांच्या फोनवर आकडे यायचे. नंबर बदलायचा अर्ज पोर्टलवरच करायचा होता आणि तो उघडायलाही ओटीपी लागायचा. एकदा हे सगळं जमवून ताईंनी अर्ज केला, तर उत्तर आलं की विनंती विचाराधीन आहे. ती बहुधा अजूनही विचाराधीन असेल.

साहेबांच्या भाचीचं लग्न होतं तेव्हाची गोष्ट. ताई लग्नाला गेलेल्या, मी ड्यूटीवर. इकडे टेम्पो भरून उभा आणि पोर्टलवरून गेटपास काढायचा राहिलेला. मी ताईंना फोन केला. मंगलाष्टकं सुरू झाली होती. साहेब मामा म्हणून नवरीच्या मागे उभे, आणि खिशात फोन थरथरतोय. ताई सरळ बोहल्यावर चढल्या. साहेबांनी वळून पाहायला सुरुवात केली तर म्हणाल्या, मामानं हलायचं न्हाई, नंबर मी बघते. त्यांनी साहेबांच्या खिशातून फोन काढला, चष्मा चढवला, आणि 'सावधान'च्या गजरात मला फोनवर एकेक आकडा ओरडून सांगितला. टेम्पो वेळेत सुटला. लग्नाच्या व्हिडिओत ते सगळं आहे. नवरीच्या मागे मामा ताठ उभा आहे आणि त्याच्या खिशात एक बाई हात घालते आहे.

पोर्टलवर संदेश आला की खाली तीन बटणं दिसायची. 'मान्य', 'अमान्य' आणि 'स्पष्टीकरण हवे'. यातली पहिली दोन दाबली की विषय संपला. तिसरं दाबलं तर एक छोटा चौकोन उघडायचा आणि त्यात चार ओळी लिहिता यायच्या. ताईंनी हे दुसऱ्याच दिवशी हेरलं. तेव्हापासून त्यांनी बाकीची दोन बटणं कधी दाबली नाहीत. संदेश कितीही स्वच्छ असो, ताईंना स्पष्टीकरण हवं असायचं. चौकोनात त्या स्वतःच्या इंग्रजीत लिहायच्या. निरोप मिळाला सर. टेम्पो निघाला. ड्रायव्हरचं नाव बाळू. आज चाकण चौकात ट्रॅफिक आहे, रागावू नका. आणि खाली नाव, कुंदाताई.

याचा परिणाम व्हायचा तो झाला. वर्षअखेरीला मोठ्या कंपनीनं सगळ्या पुरवठादारांना बोलावून पडद्यावर आलेख दाखवला. कुणाला किती सूचना समजत नाहीत, त्याचा. आमचा खांब पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकला होता. साहेब परत आले ते लालबुंद होऊन, पण ताईंसमोर गेल्यावर त्यांना हसू फुटलं. पुढे मोठ्या कंपनीनं आमच्या अडाणीपणावर उपाय म्हणून एक ट्रेनर पाठवला. त्यानं दिवसभर शिकवलं. शेवटी काही शंका आहे का, असं विचारल्यावर ताईंनी हात वर केला. "कळलंय सगळं. पन कळलंय आसं सांगून वर दोन शब्द बोलायचे आसतील तर कुठलं बटन दाबायचं?" त्यानं ही सूचना लिहून घेतली. आम्हाला त्याचा टाय आवडला होता, बदललं मात्र काही नाही.

त्यांच्या भाच्याच्या मारुंजीतल्या खोल्यांत भाडेकरू होते, सगळे आयटीवाले. ताईंनी एका रविवारी त्यांनाही गाठलं. तुम्ही कॉम्प्युटरवाले ना, मग ह्या पोर्टलला एवढं एक बटण बसवून द्या. पोरांनी समजावलं की हे दुसऱ्या कंपनीचं आहे, आम्हाला हात लावता येत नाही. ताई मला म्हणाल्या, गवंडी काय फक्त सोताच्याच घराची भिंत बांधतो का.

पोर्टलवर पलीकडच्या माणसांची नावं दिसत नसत. डेस्क एक, डेस्क दोन, असे नंबर असायचे. ताईंच्या चार ओळींना बहुतेक डेस्क नियमाचा क्रमांक सांगून वाटेला लावायचे. फक्त एका डेस्कवरून एक दिवस उत्तर आलं, 'टेम्पो मिळाला. धन्यवाद ताई.' ताईंनी मला उठवून ते दाखवलं, मग पॅकिंगच्या बायकांना, मग साहेबांना. तो डेस्क चार होता. त्या दिवसापासून ताईंच्या बोलण्यात चार नंबर हा घरच्या माणसासारखा येऊ लागला. चार नंबर म्हणतोय मागच्या गेटनं या, पुढं गर्दी हाय. चार नंबरला सर्दी झालीय. एकदा ताईंनी नाव विचारलं, तर त्यानं लिहिलं की नाव सांगायची परवानगी नाही. ताईंनी पुन्हा विचारलं नाही. काम करनाऱ्याचं नाव लपवायला लावतात, एवढंच म्हणाल्या.

मग तो बुशचा प्रकार झाला.

आमच्या एका बुशवर एक खाच असायची. मोठ्या कंपनीनं डिझाइन बदललं आणि दोन खाचा केल्या. नवीन बुश आम्ही सुरू केले, पण जुन्याचा बराच माल पेट्या भरून पडला होता. त्याचं काय करायचं ते सूचनेत कुठेच नव्हतं. ताईंनी स्पष्टीकरण मागितलं. या वेळी खरोखर हवं होतं. डेस्क चारकडून उत्तर आलं, जुना साठा संपेपर्यंत चालेल, पाठवा. मी ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं नाही, मी खाली मशीनवर होतो. वर आल्यावर ताईंनी सांगितलं तेव्हा मी म्हणालो, ताई, मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. त्यांना ते आवडलं नाही. "त्यानं सांगितलंय ना? मानसानं शब्द दिल्यावर त्याचा फोटू काढायचा म्हंजे त्याला चोरच म्हनायचं." पेट्या गेल्या, ऑर्डर बंद झाली, आणि पोर्टलनं आपली स्वच्छता केली.

दोन आठवड्यांत सगळा माल परत आला. नव्या जोडणीत एका खाचेचा बुश बसेना, त्यांची लाइन थांबली होती. पोर्टलवर आमच्या नावापुढे लाल ठिपका आला. लाल ठिपका म्हणजे नवीन ऑर्डर नाही. आणि त्यांची ऑर्डर नाही म्हणजे आमच्याकडे काय उरतं, हे शिफ्टच्या माणसांनाही समजत होतं. एक तर चूक कबूल करून कारण कळवा, नाहीतर पुरावा द्या, असा संदेश आला. तो डेस्क एकचा होता.

साहेबांनी ताईंना केबिनमध्ये बोलावलं. मी तिथेच होतो. ताईंनी सांगितलं की डेस्क चारनं पाठवा म्हणून कळवलं होतं. साहेबांनी पोर्टल उघडून पाहिलं, तिथे काहीच नव्हतं. मोठ्या कंपनीला विचारलं, तर अशी कोणतीही नोंद आढळत नाही असं आलं. साहेब रागावले नाहीत. चष्मा काढून डोळे चोळले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "वहिनी, नक्की आला होता ना? की तुम्हाला तसं वाटलं?"

ताईंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. लाइन थांबली, माल परत आला, लाल ठिपका आला, यातल्या कशानंच त्यांना एवढं लागलं नव्हतं. इतकी वर्षं या बाईनं एकच गोष्ट सांभाळली होती. निरोप आला तर आला म्हणायचं, नाही आला तर नाही. तिला 'वाटलं का' असं विचारलं गेलं होतं. त्या म्हणाल्या, "आला होता." आणि बाहेर आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवलं. जिथं मेल चालत न्हाई तिथं सोता जायचं, एवढं बोलून गाडी सुरू केली. मोठ्या कंपनीच्या गेटवर आम्हाला आत जायचा पास पोर्टलवरून काढा असं सांगण्यात आलं. लाल ठिपक्यावाल्यांना पोर्टल पास देत नव्हतं. ताई वाद घालत बसल्या नाहीत. गेटवरचा म्हातारा वॉचमन मावळातला निघाला, ताईंच्या माहेराजवळचा. कोण कुणाचा पाहुणा हे दोघांनी आधी नीट लावून घेतलं. आत सोडणं त्याच्या हातात नव्हतं, पण खरेदी खात्याची माणसं जेवणाच्या सुट्टीत समोरच्या टपरीवर चहाला येतात, हे त्यानं सांगितलं.

आम्ही टपरीवर थांबलो. माणसं आली, गळ्यात ओळखपत्रं, हातात फोन. ताई एका एका घोळक्याजवळ जाऊन साध्या आवाजात विचारायच्या, "तुमच्यात चार नंबर कोन हाय?" लोक बावचळून बघायचे. मला लाज वाटायला लागली होती. तेवढ्यात कडेला उभा असलेला एक माणूस कप हातात धरून तसाच थांबला. चाळिशीकडे झुकलेला, दाढीत पांढरे केस. म्हणाला, "कुंदाताई का?"

त्याचं नाव संतोष. लातूरकडचा. बायको-मुलीसह काळेवाडीत भाड्यानं राहायचा. आम्ही त्याला टपरीच्या मागे घेऊन गेलो. काही विचारायच्या आधीच त्यानं सांगून टाकलं की संदेश त्यानंच पाठवला होता. त्याचा वरचा साहेब रजेवर होता, आणि जुना माल नाकारला तर आमचा सगळा भंगारात जाईल हे त्याला दिसत होतं. एक खाच की दोन, काय फरक पडतो, असं त्याला वाटलं. वरच्या कुणालाही न विचारता त्यानं 'पाठवा' लिहिलं. आता त्याच्या खात्यात चौकशी चालू होती आणि तो गप्प बसला होता.

ताईंनी त्याला झापलं. कुनाला इचारल्याबिगर कशापायी सांगितलंस, तुझ्या एका शब्दावर आमी पेट्या भरतो, एवढं तुला कळाया नको का. तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "ताई, तुमी रोज निरोप मिळाला म्हनून लिवता. दिवसभरात मला तेवढंच कुनी लिवतं. म्हनून वाटलं, ह्यांचा माल कामून वाया जावा."

ताईंनी विचारलं की तू हे तुझ्या कंपनीत लिहून दिलंस तर काय होईल. तो म्हणाला, "तुमी म्हनाल तर आज लिवून देतो. मी कॉन्ट्रॅक्टवर हाय ताई. आठ-नऊ वर्सं झाली, औंदा परमनंट करतो म्हनलेत. कॉन्ट्रॅक्टवाल्याला कुनी जाब इचारत न्हाई. सकाळी कार्ड लावलं की गेट उघडत न्हाई, एवढंच."

ताईंनी त्याचा थंड झालेला चहा फेकून दुसरा सांगितला. तो प्यायला लावला. काही लिहायचं नाही, असं त्याला बजावलं. आणि आम्ही निघालो.

परत येताना कंपनीच्या अलीकडे ताईंनी स्कूटर कडेला घेतली. तू आज माझ्याबरोबर कुठं आला नव्हतास, मला म्हणाल्या. मी विचारलं, साहेबांना काय सांगणार? मीच वाचायला चुकले म्हणून सांगते, त्या म्हणाल्या. मी बराच वाद घातला. चूक त्याची आहे, शिक्षा तुम्ही का घेता, साहेबांना तरी खरं सांगा, ते बाहेर बोलणार नाहीत. ताईंचं म्हणणं होतं की साहेबांना खरं कळलं तर ते कंपनीसाठी भांडायला उभे राहतील, त्यांना राहावंच लागेल, त्यात त्यांचा दोष नाही.

"माझं काय जातंय, इंजिनिअर? मला साहेब घरी बसवनार न्हाईत. त्याला बसवतील."

मग स्कूटरच्या हँडलकडे बघत म्हणाल्या, "पन जातंय रं. लई जातंय."

ताई केबिनमध्ये गेल्या तेव्हा दार उघडंच होतं. त्यांनी सांगितलं की पुन्हा आठवून पाहिलं, संदेश दुसऱ्या मालाबद्दल होता, माझा समजण्यात घोटाळा झाला. साहेबांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं. आता भांडायला नको, कबूल केलं की ठिपका जाईल. त्यांनी फार प्रेमानं सांगितलं, "असू द्या वहिनी. वयानं होतं असं."

कबुली मलाच टाइप करायला लागली. कारण, संदेश वाचण्यात कर्मचाऱ्याची चूक. उपाय, पोर्टलचं काम प्रशिक्षित व्यक्तीकडे सोपवलं. मोठ्या कंपनीनं ते तपासून शेवटचा संदेश पाठवला आणि खाली नेहमीची तीन बटणं आली. मी दाबणार होतो. ताईंनी माझा हात बाजूला केला आणि 'मान्य' स्वतः दाबलं. चौकोन उघडला नाही. विषय संपला.

पोर्टल नव्यानं लागलेल्या प्रणाली नावाच्या मुलीकडे गेलं. हुशार होती, डिग्रीवाली. ती भराभर 'मान्य' दाबायची, आणि पुढच्या आलेखात आमचा खांब इतका खाली आला की साहेबांना सगळ्यांसमोर शाबासकी मिळाली. ताई पॅकिंगला गेल्या. तिथेही त्या चांगल्याच रमल्या, असं मी म्हणालो असतो, पण ते खरं नाही. त्या पूर्वीपेक्षा कमी बोलायच्या. ऑफिसात आल्या तर स्क्रीनकडे पाठ करून उभ्या राहायच्या. मी त्यांना मेल करत राहिलो, त्या निवृत्त होईपर्यंत, काही काम नसलं तरी. आणि मग उठून खाली जायचो आणि विचारायचो, पोचला का. त्या हो म्हणायच्या, पण आता बघत नसत.

संतोष परमनंट झाला. माल द्यायला गेलेल्या ड्रायव्हरकडून मला कळलं, मी ताईंना सांगितलं. बरं झालं, म्हणाल्या, आणि हातातल्या पेटीला पट्टी मारत राहिल्या.

त्यांच्या निरोपाचा कार्यक्रम कॅन्टीनमध्ये झाला. समोसे, वेफर्स, एक मोठा हार. साहेब बोलायला उभे राहिले आणि मनापासून बोलले. कासारवाडीची शेड, पत्र्याखाली होणारा उकाडा, वहिनींनी आणलेलं ताक, पहिलं चलन. शेवटी म्हणाले, "इतक्या वर्षांत वहिनींच्या हातून एकच चूक झाली. आणि तीसुद्धा त्यांनी आपणहून माझ्याकडे येऊन कबूल केली. अशी माणसं आता मिळत नाहीत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. ताईंनी समोरून माझ्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. मग त्यांना बोला म्हणून आग्रह झाला. त्या उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, साहेबांनी सांगितलं ते सगळं खरं हाय. आणि बसल्या.

संध्याकाळी मी त्यांना भेट मिळालेला मिक्सर स्कूटरच्या मागे बांधून देत होतो. मी म्हणालो, ताई, आता तर सांगू का साहेबांना? संतोषचंही आता काही बिघडणार नाही.

ताईंनी दोरीची गाठ ओढून बघितली. "नको. त्यान्ला वाटंल, वहिनी वहिनी म्हनलो आन् तिचं खरं मानलं न्हाई. ते त्यान्ला सोसायचं न्हाई." मग म्हणाल्या, "त्या दिवशी नुसतं म्हनले आसते, वहिनी, तुमी म्हनता म्हंजे आला आसंल. मग काय बी झालं आसतं तरी चाललं आसतं मला."

डोक्याला स्कार्फ बांधून त्या निघाल्या. गेटवर सिक्युरिटीनं हात दाखवून थांबवलं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची डिकी तपासायचा नियमच होता. ताई उतरल्या, मिक्सरचा खोका सावरत डिकी उघडली. त्यानं वाकून आत पाहिलं, पिशवी उचलून तिच्याखाली पाहिलं, आणि मग त्यांना जा म्हणाला.